मीच शंकेत असताना मुलांना काय शिकवू?

प्रिय ताई,

मी २६ वर्षांची आहे. ख्रिस्ती घरात वाढले, सहा वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवते. गेल्या वर्षी आमच्या तरुण संघातली माझी मैत्रीण रक्ताच्या कर्करोगाने गेली. अख्ख्या मंडळीने उपास-प्रार्थना केल्या होत्या. तेव्हापासून रात्र-रात्र नेटवर वाचत बसते. बायबलातली उत्पत्ती आणि विज्ञान जुळत नाही. येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं एकमेकांशी जुळत नाहीत. ख्रिस्ती लोकांनीच क्रूसयुद्धं केली, माणसं विकली. दुसऱ्या घरात जन्मले असते तर दुसराच धर्म खरा मानला असता. ज्यांनी येशूचं नावही ऐकलं नाही, ते नरकात का जावेत? आई म्हणते, शंका सैतानाकडून येते, प्रार्थना वाढव. मागच्या रविवारी नोहा आणि जलप्रलयाची गोष्ट सांगताना नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारलं, "जे प्राणी तारवात घेतले नाहीत, त्यांनी काय केलं होतं?" मी म्हटलं, "चला, प्रार्थना करू या." घरी येऊन रडले. शिकवणं सोडू का? माझा विश्वास संपलाय का?

(नाव छापू नका.)

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र इथे कापून छापलंय. मूळ पत्रात उत्पत्तीवर दीड पान आहे, शुभवर्तमानांवर एक पान, क्रूसयुद्धांवर अर्धं, आणि मैत्रिणीवर तीन ओळी. त्या तीन ओळींत एक वाक्य खोडलेलं आहे, पण वाचता येतं. अंत्यविधीला कुणीतरी म्हणालं, "देव बागेतली सुंदर फुलं आधी तोडतो." ते वाक्य तू लिहिलंस आणि खोडलंस. मला वाटतं तुझं खरं पत्र तेवढंच आहे. बाकीचे प्रश्न खोटे नाहीत, त्यांच्याकडे येतेच. पण रात्री दोन वाजता तू जे शोधतेस ते डायनासोरचं वय नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं तुझं चाललंय.

आधी आईचं. तिच्यावर चिडू नकोस, ती घाबरलीय. तिच्या डोक्यात बहुधा याकोबाच्या पत्रातलं वाक्य आहे, संशय धरणारा वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेसारखा असतो. ते वाक्य आहे, नाकारायचं कारण नाही. पण त्याच नव्या करारात यहूदाचं चिमुकलं पत्र आहे, आणि ते म्हणतं, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. बाप्तिस्मा करणारा योहान, ज्याने येशूला सगळ्यांआधी ओळखलं, तोच तुरुंगातून निरोप पाठवतो: येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू त्याला रागावत नाही. उलट लोकांपुढे त्याची वाखाणणी करतो. आणि मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात एक अर्धं वाक्य आहे, ज्यावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही. अकरा शिष्य डोंगरावर पुनरुत्थित येशूला पाहतात, नमन करतात, "पण कित्येकांना संशय वाटला." समोर उभा असताना! आणि तो संशय वाटलेल्यांना बाजूला काढत नाही. जी आज्ञा सगळ्यांना, तीच त्यांना.

तेव्हा विश्वास संपलाय का, या प्रश्नाचं माझं उत्तर: मला माहीत नाही, तुलाही आज कळणार नाही. शंका आली म्हणजे संपला, एवढं मात्र खरं नाही.

आता तुझी यादी. सगळे प्रश्न एकाच वजनाचे नाहीत, म्हणून सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

दुसऱ्या घरात जन्मले असते तर? बरोबर, बहुधा दुसरंच काही मानलं असतंस. पण एखादी गोष्ट मला कुठून कळली यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. नास्तिक घरात वाढलेल्या नास्तिकालाही हाच प्रश्न लागू होतो, आणि त्यानेही त्याचं काही सिद्ध किंवा असिद्ध होत नाही. या आक्षेपातून एकच गोष्ट घेण्यासारखी आहे, दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी बोलताना आवाज खाली ठेवणं. ती जरूर घे आणि पुढे चल.

विज्ञान. इथे तुला वाटतं त्यापेक्षा जागा मोठी आहे, आणि ती काही आजकाल घाबरून केलेली सारवासारव नाही. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिगेनने विचारला होता. तो ख्रिस्ती शिक्षकच होता, आणि हे शब्दशः घ्यायचं नसतं असं त्याचं म्हणणं. जुन्या काळचे थोर ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन यांनी तर बजावून ठेवलंय की आकाश-ताऱ्यांविषयी ख्रिस्ती माणूस बायबलच्या नावावर काहीबाही बोलू लागला, की जाणकार हसतात आणि मग पुनरुत्थानाविषयी तो जे सांगतो त्यावरही विश्वास ठेवत नाहीत. उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून वाच. पहिल्यात प्राणी आधी, माणूस नंतर. दुसऱ्यात आधी माणूस, मग प्राणी. ज्यांनी हे दोन अध्याय लागोपाठ ठेवले त्यांना हा फरक दिसत नव्हता असं समजायचं कारण नाही. त्यांना वेळापत्रक द्यायचं नव्हतं.

आणि विश्व प्रसरण पावतंय, ते एका आदिकणातून सुरू झालं, ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९२७ आणि १९३१ सालचे त्यांचे लेख. १९५१ साली पोपनी या सिद्धांतात निर्मितीचा दुजोरा पाहिला, तेव्हा ते लमेत्र यांनाच रुचलं नाही. विज्ञानाला विज्ञान राहू द्या, असा त्यांचा आग्रह. मला हा माणूस फार आवडतो. बाकी गॅलिलिओच्या बाबतीत आपली बाजू चुकली होती. १६३३ साली शिक्षा, आणि चूक कबूल व्हायला १९९२ उजाडलं. त्यावर पांघरूण घालू नकोस.

शुभवर्तमानांचा प्रश्न मात्र खरोखर जड आहे आणि त्याला "वरवर वाटतं तसं, आतून सगळं जुळतं" हे उत्तर मी देणार नाही. कबरेशी कोण होतं? मार्क म्हणतो एक तरुण, मत्तय एक देवदूत, लूक दोन पुरुष, योहान दोन देवदूत. येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत कसा मेला? मत्तयात गळफास, प्रेषितांची कृत्यं वाचलीस तर पडून पोट फुटून. येशूच्या दोन वंशावळी दोन वाटांनी जातात. मार्काच्या शेवटच्या अध्यायातली नवव्या वचनापासूनची बारा वचनं चौथ्या शतकातल्या दोन्ही सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत, आणि व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट, जी माझी सर्वांत लाडकी, तीही योहानाच्या जुन्यात जुन्या प्रतींत नाही. हे शत्रूंनी शोधलेलं नाही. कित्येक छापील बायबलांच्या तळटीपेत आहे. आपण तळटीप वाचत नाही एवढंच.

तुला लहानपणी कुणीतरी सांगितलं असणार की एक कानामात्रा इकडची तिकडे झालेली नाही. जे मोडलंय ते हे सांगणं. ग्रंथाने स्वतःविषयी असा दावा केलेला नाही. मग उरतं काय? प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र उरतं, क्रूसानंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांत लिहिलेलं. पंधराव्या अध्यायात तो पुनरुत्थानाच्या साक्षीदारांची यादी देतो आणि म्हणतो, हे मला मिळालं तेच मी तुम्हांला दिलं, म्हणजे ती यादी त्या पत्राहूनही जुनी. रोमन सुभेदार पिलाताच्या अमलात येशूला मृत्युदंड झाला हे ख्रिस्ती नसलेला रोमन इतिहासकार टॅसिटसही दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवतो. चारही शुभवर्तमानांत कबरेशी पहिल्यांदा जातात त्या बायका, आणि त्या काळी बाईच्या साक्षीला किंमत कमी होती. गोष्ट रचायचीच असती तर साक्षीदार म्हणून बायका कुणी निवडल्या नसत्या. आता उलट बाजूही सांगते, कारण तू ती कुठेतरी वाचशीलच: पौलाच्या यादीत त्या बायकांचा उल्लेख नाही.

इतिहास तुला इथवर आणून सोडतो की त्या मूठभर माणसांना आपण त्याला जिवंत पाहिलं अशी पक्की खात्री होती. ती खात्री कशामुळे झाली, इथे इतिहासाची हद्द संपते. पुढचं पाऊल भरवशाचं आहे. ते टाकायला भाग पाडणारा पुरावा आहे असं जो म्हणेल त्याच्यापासून सावध राहा, आणि ते मूर्खच टाकतात असं जो म्हणेल त्याच्यापासूनही.

क्रूसयुद्धं आणि गुलामगिरी. या आक्षेपाला उत्तर देऊ नये असं माझं मत आहे. १०९९ साली जेरुसलेम जिंकल्यावर क्रूसवाल्यांनी जी कत्तल केली ती क्रूस छातीवर लावूनच केली. "ते खरे ख्रिस्ती नव्हतेच" हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. ब्रिटिश खासदार विल्बरफोर्सनी बायबल हातात घेऊन गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झुंज दिली आणि १८०७ साली ब्रिटनमध्ये तो कायद्याने बंद झाला, हे खरं. पण समोरचेही चर्चला जाणारेच होते आणि त्यांच्याकडेही वचनं होती. मत्तयाचा तेविसावा अध्याय वाच. धार्मिक लोकांवरचा याहून जळजळीत आक्षेप मी कुठल्याही नास्तिकाकडून ऐकलेला नाही.

नरकाविषयी थोडक्यात, कारण मीही तिथे अडलेलीच आहे. मंडळीचा आवाज या बाबतीत कधीच एक नव्हता. कुणी अनंत यातना म्हणतं, कुणी म्हणतं शेवटी नाश, आणि चौथ्या शतकातले निस्साचे ग्रेगरी, ज्यांना संत मानतात, ते अखेरीस सगळेच देवाकडे परततील अशी आशा धरून होते. ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांचा न्याय कोण करणार हे मला माहीत आहे, कसा करणार ते नाही. अब्राहामाचं एक वाक्य मला पुरतं, पण ते शेवटी सांगते.

आता मैत्रीण.

"देव फुलं तोडतो" हे वाक्य शास्त्रात नाही. ते कुणी म्हणालं असेल त्याला बहुधा काहीतरी बोलायचं होतं आणि गप्प बसवत नव्हतं. दुष्टाईच्या प्रश्नाला सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे मानवी स्वातंत्र्य: देवाने निवड दिली, माणसाने वाईट निवडलं. युद्धाला ते लागू पडतं. रक्ताच्या कर्करोगाला कसं लागू पडेल? १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी लिस्बनला भूकंप झाला तेव्हा लोक चर्चमध्ये भक्तीला बसलेले होते आणि छपरं त्यांच्यावरच कोसळली. युरोपातल्या विचारवंतांची झोप त्या भूकंपाने उडवली, ती उगीच नाही.

येशूच्या कानावरही अशीच एक बातमी होती. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. तो विचारतो, ते इतरांहून जास्त पापी होते असं वाटतं का? आणि स्वतःच म्हणतो, नाही. मग का मेले? ते सांगत नाही.

ईयोबाचं पुस्तक तू शिकवलं असशील, पण बहुधा पहिले दोन अध्याय आणि शेवटचा. मधले वाच. सगळं गमावलेल्या ईयोबाकडे मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. त्यांनी केलेलं तेवढंच चांगलं काम. मग तोंड उघडतात, आणि प्रत्येकाकडे कारण तयार असतं: तुझं काहीतरी चुकलं असणार, देव धडा देतोय. ईयोब मात्र ओरडतो, भांडतो, देवाला न्यायालयात खेचायची भाषा करतो. शेवटी देव बोलतो तेव्हा कारण तो ईयोबालाही देत नाही. पण मित्रांना म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. देवाची बाजू घेणाऱ्यांना देव खोटं ठरवतो, आणि देवाशी भांडणाऱ्याला नाही. तुझ्या खोडलेल्या वाक्याच्या बाजूने शास्त्रात एवढा मोठा ग्रंथ उभा आहे.

उपास-प्रार्थनेचं काय? पौलाने त्याच्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि निघाला नाही. गेथसेमाने बागेत स्वतः येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि टळला नाही. "विश्वासाने मागितलं की बरं होणारच" असं ज्याने तुम्हांला सांगितलं, त्याने देवाच्या नावावर परस्पर हुंडी लिहून दिली. ती वटली नाही याचा दोष तुझ्या मैत्रिणीच्या विश्वासाला लावू नकोस, तुझ्याही नाही.

माझा भाऊ गेला तेव्हा मला एकाने सांगितलं होतं की घरात कुणाचातरी विश्वास कमी पडला. त्यानंतर दोन वर्षं मी स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करू शकले नाही. चर्चला जायचे, बसायचे, यायचे. त्या काळात एकच गोष्ट तोंडातून निघायची, ८८वं स्तोत्र. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळण घेतात आणि स्तुतीवर येतात. हे येत नाही. ते अंधारातच संपतं. कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी असं एक गाणं लिहिलं आणि दुसऱ्या कुणीतरी ते कापून न टाकता उपासनेच्या पुस्तकात ठेवलं, याचा मला फार आधार वाटला. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

ख्रिस्ती विश्वासाकडे दुःखाचं स्पष्टीकरण नाही असं माझं मत झालंय. त्याच्याकडे एक दावा आहे, की देव त्या दुःखात स्वतः उतरला आणि क्रूसावर "तू मला का सोडलंस?" हा तुझाच प्रश्न ओरडून गेला. ते तुला पुरेल का? मी तुझ्या वतीने सांगू शकत नाही. कित्येक प्रामाणिक माणसांना ते पुरलेलं नाही, आणि त्यांना मी उथळ म्हणणार नाही.

शिकवणं सोडायचं का? माझ्या मते लगेच नको. पण एका माणसाला सांग. पाळकांना, किंवा वर्ग पाहणाऱ्या बाईंना, किंवा मंडळीतल्या अशा कुणाला, जे ऐकून घाबरणार नाही आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनासभेत तुझं नाव घेणार नाही. जे तुला आत्ता खरं वाटत नाही ते खरं म्हणून शिकवू नकोस. ते धडे काही महिने दुसऱ्याला दे. तुला शिकवता येईल असं पुष्कळ उरेल. रात्री बारानंतर नेट बंद. एका वेळी एकच प्रश्न घे, आणि त्यावर विरोधकाचं चांगल्यात चांगलं लिखाण वाच, फुटकळ भांडणं नको. आणि एकदा मार्क एका बैठकीत वाच, वचनं न तोडता. सोळाच अध्याय आहेत, दीड तास लागेल. तू ज्याच्याविषयी वाद घालतेस तो माणूस एकदा अखंड तरी भेटू दे.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या ख्रिस्ती जोगिणीशी, म्हणजे ननशी, त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) पत्रांतून चांगलीच हुज्जत घातली. चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, मला शास्त्रात दाखवा, असा त्यांचा सूर. पुढे त्यांनीच लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्याच बाई मग हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या आणि १९२२ साली मरेपर्यंत त्या कामात होत्या. तुझंही असंच होईल असं मी म्हणत नाहीये. हुज्जत घालणाऱ्या बायकांची जागा या घरात जुनी आहे, एवढंच.

आणि तो नऊ वर्षांचा मुलगा. येत्या रविवारी त्याला सगळ्यांदेखत सांग की मागच्या वेळी मी तुझा प्रश्न टाळला, कारण मला उत्तर येत नव्हतं, आणि अजूनही येत नाही. मग त्याला एक गंमत दाखव. जलप्रलयाच्या अख्ख्या गोष्टीत नोहाच्या तोंडी एक शब्दही नाही. तो लाकूड कापतो, तारू बांधतो, आत जातो, बाहेर येतो. बाकीच्यांचं काय, असं तो विचारत नाही. त्या मुलाने विचारलं. त्याच्याआधी अब्राहामाने विचारलं होतं, उत्पत्ती १८, देव सदोम नगराचा नाश करायला निघाला तेव्हा: सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय? आणि मग तो देवाशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस? पार दहापर्यंत. देव एकदाही त्याला गप्प बस म्हणत नाही. वर्गात दोन मुलं उभी कर, एक अब्राहाम, एक देव, आणि आकडे फळ्यावर लिहीत जा. दहावर अब्राहाम का थांबला, हे मुलं विचारतीलच. तेही मला माहीत नाही.

तुझी,
ताई